गंधज्ञानाचा लोप आणि मुंबईचें दप्तर

(१) प्रास्ताविक

पोथ्यांचा जुना रुमाल सोडतांना संग्राहकाचें पहिलें साधन डोळा नसून नाक असतें, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. गांठ सुटतांच वेखंडाचा वास आला तर पोथी जपणाऱ्या घरांतून ती आली आहे असें समजावें. कुबट दर्प आला तर आंत ओल शिरली आहे असें जाणून पानें उलगडण्याची घाई करूं नये. आणि कापराचा अगदीं ताजा वास आला तर नुकतीच कोणीं विक्रीसाठीं ही सजावट केली आहे कीं काय, याचा विचार करावा. सन २०२१ च्या आरंभीं, आजारांतून उठल्यावर सुमारें दीड महिन्यानें, गिरगांवांतील एका घरीं असाच एक रुमाल सोडण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. गांठ सुटली, पानें दिसलीं, शाईचा काळेपणा दिसला. परंतु वास म्हणून कांहींच आला नाहीं. शेजारीं बसलेल्या यजमानांनीं नाकास पंचा लावला, तेव्हां रुमाल कुबट आहे हें आम्हांस कळलें. चाळीस वर्षें ज्या साधनावर विसंबून राहिलों तें साधन आपल्याजवळ आहे याची जाणीव, तें गेल्यावर झाली.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनांत घोळूं लागला. डोळे गेले, कान गेले, तर त्याची नोंद पत्रांत, बखरींत, इनामाच्या अर्जांत पडते. नाक शाबूत असून वास गेला, याची नोंद कोठें पडते? मुंबईसारख्या शहराच्या दप्तरांत वासाविषयीं शेंकडों पानें आहेत. परंतु तीं वास घेणाराविषयीं नसून वास मारणाराविषयीं आहेत. प्रस्तुत लेखांत प्रथम प्राचीन वैद्यकग्रंथांतील गंधज्ञानाच्या लोपाचा विचार करून, नंतर मुंबई बेटावरील, विशेषतः गिरगांव, परळ, लालबाग व दादर या भागांतील गंधविषयक कारभाराचा इतिहास पाहावयाचा आहे, व शेवटीं सन २०२० च्या साथीनें या दोन गोष्टी एकत्र कशा आणल्या, हें दाखवावयाचें आहे.

(२) संज्ञा व लक्षणें

आपल्या वैद्यकांत या व्याधीस नांव नव्हतें असें कित्येकांस वाटतें. तें खरें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत केवळ वातापासून होणारे जे ऐशीं विकार गणले आहेत, त्यांत ‘घ्राणनाश’ हा एक स्पष्टपणें सांगितला आहे. त्याच्या अगदीं शेजारीं ‘अरसज्ञता’, म्हणजे चव न कळणें, हा विकार घातला आहे. ही जोडी योगायोगानें पडलेली नाहीं. वास गेला कीं जेवणाची चव गेली असें रोगी म्हणतो. वस्तुतः त्याची जीभ खारट, आंबट, गोड, कडू हे भेद ओळखीत असते, परंतु आमटींतील हिंग, कोकमाचा वास, तुपाचा खमंगपणा हें सर्व घशांतून वर चढून नाकासच कळत असतें. गणना करणाऱ्या आचार्यानें हे दोन विकार एकापाठोपाठ ठेवले, यावरून रोग्यांची तक्रार तेव्हांहि अशीच जोडीनें येत असावी असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नाकाचे एकतीस रोग दिले आहेत. वाग्भटानें ते अठरांवर आणले. सुश्रुतानें त्यांत आरंभींच ‘अपीनस’ घेतला असून, नाक चोंदणें, कोरडें पडणें, पाझरणें या लक्षणांबरोबर रोग्यास गंध व रस दोन्ही कळेनासे होतात असें त्याचें वर्णन केलें आहे, व कारण वात आणि कफ असें दिलें आहे. पुढें माधवनिदानांतहि हेंच लक्षण उतरलें. म्हणजे एका परंपरेंत घ्राणनाश हा स्वतंत्र वातविकार, व दुसरींत तो पडशासारख्या रोगाचें लक्षण, असे दोन पक्ष स्पष्ट दिसतात.

आजच्या वैद्यकाचा विभागहि याहून फारसा निराळा नाहीं. वासाचे कण नाकाच्या छतापर्यंत पोंचूंच शकत नाहींत, हा एक प्रकार. पडसें, नाकांतील मोड, सूज हीं त्याचीं कारणें. कण पोंचतात परंतु ज्ञानतंतू ते ओळखीत नाहींत, हा दुसरा. विषाणूंचा आघात, डोक्यास मार, वार्धक्य, कंपवातासारखे मेंदूचे रोग हीं त्याचीं कारणें. डोक्यास मार बसला असतां वास कां जातो हें सांगण्याजोगें आहे. नाकाच्या छतावर चाळणीसारखें छिद्रें असलेलें एक पातळ हाड असतें. त्या छिद्रांतून अतिसूक्ष्म तंतू मेंदूकडे जातात. मेंदूस हिसका बसला कीं चाळणीच्या काठाशीं ते तंतू कापले जातात, व वरून नाकास ओरखडाहि नसतांना माणूस गंधास मुकतो. कांहीं जण जन्मतःच या ज्ञानावांचून असतात, व कित्येक वर्षें त्यांना तें कळतहि नाहीं; इतरांनीं “काय छान वास येतो” असें म्हटलें कीं तेहि मान डोलावतात.

नाक आणि घ्राणेंद्रिय हीं एक नव्हेत, हें दाखविणारें एक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासांत प्रसिद्धच आहे. टिपूशीं झालेल्या युद्धांत इंग्रजांच्या लष्कराकडील कावसजी नांवाच्या गाडीवानाचें नाक कापलें गेलें, व पुढें पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीच्या कारागिरानें कपाळाच्या कातड्यानें तें पुन्हां घडविलें. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ च्या लंडनमधील ‘जेंटलमन्स मॅगेझिन’ मध्यें चित्रासह छापली गेली, व युरोपांतील शस्त्रवैद्यांचें लक्ष तिनें वेधलें. परंतु जें कापलें गेलें तें नाकाचें बाह्य अंग होय. गंध जाणणारी त्वचा त्याहून पुष्कळ वर, दोन डोळ्यांच्या मधोमध आंत असते. समाजांत अब्रू जाण्याची खूण म्हणून ‘नाक कापणें’ हा वाक्प्रचार झाला. परंतु ज्याचें नाक समाजास दिसतें पण वास त्यास येत नाहीं, त्याच्या दुःखासाठीं भाषेनें वाक्प्रचार घडविला नाहीं. दुःख दिसत नाहीं म्हणून शब्दहि नाहीं, व शब्द नाहीं म्हणून दप्तरांत नोंदहि नाहीं.

(३) ग्रंथांतील मृत्युलक्षण व त्याचा खरा अर्थ

आतां ज्या स्थळाचा लोकांत विपर्यास होतो त्याकडे वळूं. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानांत मरणसूचक चिन्हें सांगतांना, ज्यास सुगंध दुर्गंध वाटतो व दुर्गंध सुगंध वाटतो, किंवा ज्यास गंध मुळींच कळत नाहीं, त्याचें आयुष्य सरलें असें समजावें, अशा अर्थाचें वचन आहे. सुश्रुताच्या सूत्रस्थानांतहि पंचेंद्रियांच्या विपरीत ज्ञानाविषयींच्या अध्यायांत हाच विचार आला असून तेथें विझलेल्या दिव्याच्या वासाचा उल्लेख आहे. हितोपदेशांतील सुभाषितानें तो घरोघर पोंचविला: ज्याचें आयुष्य संपलें त्यास विझल्या दिव्याचा वास येत नाहीं, मित्राचें बोलणें ऐकूं येत नाहीं व अरुंधतीचा तारा दिसत नाहीं.

सन २०२० सालीं ज्या घरांत या परंपरेची थोडीफार ओळख होती, तेथें वास गेलेल्या माणसाच्या मनांत ही गोष्ट आल्यावांचून राहणें कठीण होतें. म्हणून मूळ स्थळ नीट पाहणें अवश्य आहे. सुश्रुतानें तेथें ‘नीरुज’, म्हणजे रोग नसलेला, असें एक विशेषण योजिलें आहे. या एका शब्दांत सारें मर्म आहे. पडसें, पीनस इत्यादि व्याधि झालेल्याचा वास जाणें हें मृत्युलक्षण नव्हे; तो त्या व्याधीचा भाग असून उत्तरतंत्रांत त्याची चिकित्सा दिली आहे. कांहीं एक आजार दिसत नसतां ज्यास विपरीत वास येऊं लागतात, त्याच्याविषयींच तें वचन आहे. ज्याची चिकित्सा सांगितली त्यासच गतायु म्हणणें हें ग्रंथकारास संमत असणें शक्य नाहीं. श्लोकांतील एक विशेषण सुटलें तर रोगी विनाकारण मरणाच्या भीतीनें ग्रासला जातो. पाठशुद्धीचें काम केवळ पंडितांच्या करमणुकीचें नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

आश्चर्याची गोष्ट ही कीं, या वचनाशीं मिळतें असें कांहीं आधुनिक संशोधनांतहि आढळलें आहे. शिकागो येथील वैद्यांनीं अमेरिकेंतील ५७ ते ८५ वर्षें वयाच्या ३,००५ लोकांची गंधपरीक्षा घेऊन पांच वर्षांनीं त्यांची पुन्हां चौकशी केली. सन २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत, ज्यांना वास मुळींच ओळखतां आला नव्हता त्यांपैकीं शेंकडा ३९, व ज्यांचें गंधज्ञान उत्तम होतें त्यांपैकीं केवळ शेंकडा १० पांच वर्षांच्या आंत मरण पावले होते. तसेंच कंपवाताच्या रोग्यांत हात कांपूं लागण्याच्या कित्येक वर्षें आधीं वास मंदावतो, हेंहि आतां मान्य झालें आहे. अर्थात् वास गेल्यामुळें मरण येतें असा याचा अर्थ नाहीं; शरीरांत आंतून चाललेल्या क्षयाची ती वर दिसणारी खूण आहे. प्राचीनांनीं हें आंकड्यांवांचून, केवळ रोग्याजवळ बसून पाहिलें असावें.

हे ग्रंथ आज आपल्या हातीं शुद्ध स्वरूपांत आहेत याचें श्रेय पुष्कळ अंशीं गिरगांवास लागून असलेल्या काळबादेवीच्या परिसरास आहे. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यानें अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं शोधिलेलें अष्टांगहृदय प्रसिद्ध केलें, व पुढें यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या सुश्रुत व चरक यांच्या सटीक आवृत्त्याहि त्याच छापखान्यांतून निघाल्या. नाकाच्या रोगांविषयीं वर जें लिहिलें आहे तें मुंबईच्या या टंकांवांचून आमच्यासारख्यास वाचावयासहि मिळालें नसतें.

(४) गंधशास्त्राची मराठी टीका

गंधाचें ज्ञान लेखी जतन करण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाहीं असें मात्र नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर एक प्रकरण घातलें. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें मानसोल्लासांत राजाच्या उपभोगांमध्यें गंधास स्थान दिलें. परंतु मराठी वाचकांस अधिक जवळची गोष्ट म्हणजे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं प्रकाशांत आणलेली पोथी होय. तींत गंगाधराचा ‘गंधसार’ व अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ असे दोन संस्कृत ग्रंथ असून गंधवादावर जुनी मराठी टीका आहे. गोडे यांनीं सन १९४५ च्या सुमारास या टीकेचें विवेचन प्रसिद्ध केलें. पुढें सन १९८९ सालीं बडोद्यास दोन्ही ग्रंथ छापले गेले.

गंधसारांत द्रव्यें सिद्ध करण्याच्या भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. या क्रियांचे शब्द आपणांस समजतात. द्रव्यांचीं नांवेंहि पुष्कळशीं ओळखतां येतात. परंतु बनलेला गंध कसा होता हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. कारण ‘योग्य झालें’ हें ठरविणारें शेवटचें प्रमाण कारागिराचें नाक होतें, व तें पोथींत उतरत नाहीं. ज्या गंध्याचा वास गेला त्याची सारी विद्या त्याच दिवशीं निकामी झाली असेल. पेशवाईंतील जमाखर्चांत अत्तर-गुलाबाच्या रकमा पडतात, परंतु त्या अत्तराची पारख करणारा कोण होता हें त्या रकमेवरून कळत नाहीं.

(५) मुंबईची घाण व सरकारचें नाक

आतां मुंबईकडे येऊं. इंग्रजांच्या हातीं बेट आल्यावर पहिल्या पिढीनेंच तेथील मृत्यूचें खापर वासावर फोडलें. सन १६७३ सालीं आलेला वैद्य जॉन फ्रायर व सन १६८९ सालचा प्रवासी पाद्री ओव्हिंग्टन या दोघांनींहि, नारळीच्या मुळांशीं मासळीचें खत घालण्याच्या चालीमुळें हवा दूषित होते असें लिहून ठेवलें. दोन पावसाळे हें तेथें माणसाचें आयुष्य, अशी म्हण तेव्हां गोऱ्या लोकांत पडली होती व ती ओव्हिंग्टननें नमूद केली आहे. मरणाचें मुख्य कारण हिंवताप होतें, व तो डांसांनीं पसरतो हें कळण्यास दोनशें वर्षें अवकाश होता. त्या काळच्या युरोपीय वैद्यकाप्रमाणें कुजका वास हाच रोग; त्यामुळें ज्या कोळ्याभंडाऱ्यांच्या वाड्या पिढ्यान् पिढ्या त्या वासांत नांदत होत्या, त्यांचा धंदा आरोग्यास घातक ठरला. येथें इतिहासाच्या अभ्यासकानें एक गोष्ट लक्षांत ठेवावयास हवी. नाकास एखादा वास थोड्या वेळांत अंगवळणीं पडतो व कळेनासा होतो, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून दप्तरांतील ‘असह्य दुर्गंधी’ हा शब्द जागेविषयीं जितकें सांगतो, तितकेंच लिहिणारा तेथें नवा होता हेंहि सांगतो.

गिरगांवच्या सोनापुराचा वाद याच मासल्याचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्मशानाच्या वासाची व धुराची तक्रार होऊन तें तेथून उठवून शिवडीकडे नेण्याचा विचार निघाला. जगन्नाथ शंकरशेट यांनीं हिंदु समाजाच्या वतीनें त्यास विरोध केला, व स्मशान गिरगांवांतच राहिलें. एका पक्षास जो वास उपद्रव होता तो दुसऱ्या पक्षास आपल्या माणसाच्या शेवटच्या संस्काराचा होता. कोणाचें नाक प्रमाण मानावें हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसून सत्तेचा आहे, हें या वादानें दिसून येतें.

परळच्या सरकारी वाड्याची कथा याच धाग्यांत गुंफलेली आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गव्हर्नर तेथें राहत. सन १८८२ सालीं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा त्या वाड्यांत पटकीनें अंत झाला. पुढें लवकरच गव्हर्नरांनीं मलबार टेकडीच्या मोकळ्या वाऱ्याचा आश्रय केला. परळ तोंवर गिरण्यांनीं वेढलें जाऊं लागलें होतें. ताडदेव येथें सन १८५४ सालीं स्थापन झालेल्या पहिल्या गिरणीनंतर चाळीस वर्षांत लालबाग, परळ, चिंचपोकळी हा भाग ‘गिरणगांव’ झाला. कापसाची तूस, यंत्रांचें तेल, सुतास लावावयाच्या खळींतील चरबी, गिरणीच्या धुराड्याचा धूर यांचा मिळून एक वास त्या वस्तीस होता. सन १८६५ पासून शहरांत गॅसचे दिवे लागले, व गॅस कंपनीच्या लालबागेंतील कारखान्याच्या वासाची त्यांत भर पडली. बाहेरच्यास तो नकोसा वाटे. पाळीवरून घरीं येणाऱ्या कामगारास तो आपल्या मोहल्ल्याची खूण वाटे.

(६) प्लेग: नाकाचा पराभव

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं गांठीचा ताप ओळखला, तेव्हां सरकारी यंत्रणेनें पहिला हल्ला गटारांवर केला. गटारांतून समुद्राचें पाणी व कार्बोलिक आम्ल सोडण्यांत आलें, भिंतींस चुना फांसला गेला, वारा व ऊन शिरावें म्हणून छपरें उघडीं केलीं गेलीं, व कित्येक घरें राहण्यास अयोग्य ठरवून त्यांवर तसे शिक्के मारले गेले. कार्बोलिकचा वास मुंबईच्या दोन पिढ्यांच्या स्मरणांत प्लेगाचा वास होऊन बसला. वास घालविला कीं रोग जाईल, या समजुतीवर एवढा खर्च पूर्वीं या शहरांत झाला नव्हता; आणि रोग मात्र गेला नाहीं. उंदीर मरून पडूं लागले कीं घर सोडावें, ही खूण लोकांनीं अधिक लवकर ओळखली होती.

प्लेगाचा जंतु येर्सिननें हाँगकाँग येथें सन १८९४ सालींच शोधला होता. हाफकिन यांनीं भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत लस सिद्ध करून ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. सन १८९८ सालीं सिमाँदनें उंदरावरील पिसू हा या रोगाचा वाहक असल्याचें दाखविलें, व सन १९०५ नंतर परळ येथील प्रयोगांनीं तें निर्विवाद ठरलें. हे प्रयोग जेथें झाले ती जागा म्हणजे गव्हर्नरांनीं सोडलेला परळचा तोच वाडा. सन १८९९ सालीं हाफकिन यांची प्रयोगशाळा तेथें आली, व सन १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें प्रसिद्ध आहे. खराब हवेच्या भयानें ओस पडलेल्या वाड्यांतच, रोग हवेच्या वासानें होत नाहीं हें सिद्ध व्हावें, यांत इतिहासाची गंमत आहे.

तथापि जुनी समजूत एका बाजूनें शहरास हितकर ठरली हें मान्य केलें पाहिजे. सन १८९८ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें समुद्राचा वारा दाट वस्तींत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते गिरगांवच्या बाजूनें पूर्वेकडे काढले, आणि दादर-माटुंग्याकडे मोकळ्या वसाहती आंखल्या. दादरच्या हिंदु कॉलनींतील झाडांखालून चालणाऱ्यास कल्पनाहि नसते कीं ही रचना एका चुकलेल्या गंधसिद्धांताचें फळ आहे. परंतु ज्यांच्या चाळी पाडल्या गेल्या त्यांतील बहुतेकांना या वसाहतींत जागा मिळाली नाहीं, हेंहि त्याबरोबर नमूद केलें पाहिजे.

(७) सन २०२० ची साथ

प्लेगाच्या वेळीं रोग वासांत शोधला गेला व तो तेथें नव्हता. कोविडच्या वेळीं रोगाची खूण वासाच्या अभावांत सांपडली. मुंबईंत ता. ११ मार्च २०२० रोजीं पहिले रोगी आढळले. आर्थर रोडवरील, म्हणजे आजच्या साने गुरुजी मार्गावरील, कस्तुरबा रुग्णालय हें सांथीच्या रोगांचें जुनें रुग्णालय पुन्हां शहराच्या तोंडीं आलें. त्याच महिन्याच्या अखेरीस वरळी कोळीवाडा बंद करण्यांत आला. वास व चव जाणें हें लक्षण केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें ता. १३ जून २०२० रोजीं आपल्या उपचारपद्धतींत समाविष्ट केलें. म्हणजे आरंभींचे तीन महिने ज्याचा फक्त वास गेला होता असा माणूस सरकारी यादीप्रमाणें रोगी नव्हता. नाक चोंदलेलें नाहीं, पडसें नाहीं, ताप नाहीं, आणि सकाळीं चहाचा वास येत नाहीं, अशी ही विचित्र अवस्था होती.

कारणाचा उलगडा त्याच वर्षीं झाला. वास ओळखणाऱ्या पेशींवर हा विषाणु सहसा सरळ हल्ला करीत नाहीं. ज्या आधारपेशी त्यांना पोसतात व सांभाळतात, त्यांच्या पृष्ठावर विषाणूस आंत शिरण्याचें द्वार असतें. आधार कोसळला कीं ज्ञानपेशीहि मुक्या होतात. आधारपेशी पुन्हां वाढतात, म्हणून बहुतेकांचा वास कांहीं आठवड्यांत परत आला. गंधाच्या ज्ञानपेशी तर जन्मभर नव्या उपजत राहतात. मज्जासंस्थेंत हें दुर्मिळ होय. मनुष्यास वास ओळखणारीं सुमारें चारशें प्रकारचीं ग्राहकद्रव्यें असतात. त्यांच्या कुळाचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनीं सन १९९१ सालीं लावला व सन २००४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. नव्या पेशींचे धागे वर मेंदूंत जातांना जोडणी चुकली तर एका वासाच्या ठिकाणीं दुसराच वास येतो. कित्येकांना कांदा, लसूण, कॉफी यांचा वास कुजक्या किंवा जळक्या पदार्थासारखा येऊं लागला. सुगंध दुर्गंध वाटणें हें जें प्राचीनांनीं मृत्यूचें चिन्ह म्हणून लिहिलें, तेंच येथें बहुधा इंद्रिय परत येत असल्याचें चिन्ह ठरलें.

उपाय सोपा पण चिकाटीचा आहे. ड्रेस्डेन येथील हुमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन २००९ सालीं दाखविल्याप्रमाणें गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग असे चार वास रोज दोन वेळां, बारा आठवडे, मन लावून हुंगावे. पाश्चात्य गंधपरीक्षेंतील कांहीं वास, उदाहरणार्थ भोपळ्याची गोड पाय किंवा शेपूच्या लोणच्यांतील काकडी, आपल्या माणसास मुळांतच अपरिचित असतात. ते ओळखतां आले नाहींत म्हणून त्याचें नाक बिघडलें असें ठरविणें अन्यायाचें होईल. लालबागच्या गल्लींतील भाजलेला मसाला, दादरच्या फूलबाजारांतील मोगरा, कापूर, हिंग, सुका बोंबील: येथील नाकाची परीक्षा या द्रव्यांनीं घ्यावयास हवी.

वास गेलेल्याची अडचण केवळ रुचीची नाहीं. आज मुंबईच्या घरोघरीं नळानें येणारा वायु मूळचा गंधहीन असतो. गळती कळावी म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वासाचें द्रव्य मिसळतात. ज्यास वास येत नाहीं त्यास ही सूचना पोंचतच नाहीं. उतू जाऊन करपलेलें दूध, विटलेली भाजी, जळणारी तार, या सर्वांविषयीं तो घरांतल्या दुसऱ्या माणसाच्या नाकावर अवलंबून राहतो. जो एकटा राहतो त्यानें गॅसची गळती दाखविणारें यंत्र बसवावें, शिजविलेल्या पदार्थावर दिवस लिहून ठेवावा, व वास गेल्याचें वैद्यास आणि शेजाऱ्यास सांगावें. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

(८) उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, गंधज्ञानाचा लोप आपल्या वैद्यकास नांवानिशीं ठाऊक होता, व त्याचा साधा व्याधि आणि मृत्युसूचक विकार असा भेद ग्रंथकारांनीं केला होता. दुसरी, मुंबईच्या सरकारी दप्तरानें अडीचशें वर्षें वासाची नोंद केली, परंतु ती नेहमीं दुसऱ्याच्या वस्तीच्या वासाची. स्वतःच्या नाकाची परीक्षा त्यानें केली नाहीं. तिसरी, ज्या इंद्रियावर एवढे कायदे व एवढे रस्ते उभे राहिले, तें इंद्रिय जाण्याच्या दुःखास या दप्तरांत स्थान मिळालें नाहीं. सन २०२० सालीं हजारों घरांत तें एकाच वेळीं गेलें तेव्हां कोठें तें लक्षणांच्या यादींत आलें.

म्हणून संग्राहकांस एक विनंति करावयाची आहे. आपणांजवळील वैद्यकीच्या बाडांत, औषधांच्या टिपणांत, घरगुती यादींत ‘वास कळत नाहीं’, ‘घ्राण गेलें’ अशा आशयाची ओळ आढळल्यास ती किरकोळ म्हणून सोडून देऊं नये. तसेंच सन २०२० व २०२१ सालीं घरांतील कोणीं आपल्या आजाराचें टिपण वहींत लिहिलें असेल तर तीं पानें जपून ठेवावीं. गिरण्यांचा वास सन १९८२ च्या संपानंतर हळूहळू गेला व त्याचें वर्णनहि फारसें मागें राहिलें नाहीं; ज्यांनीं तो घेतला तीं माणसें आहेत तोंवर त्यांच्याकडून तें लिहवून घेणें हेंहि संशोधकाचेंच काम आहे.

असो. गिरगांवांतील तो रुमाल यजमानांनीं उन्हांत न टाकतां सावलींत वाऱ्यावर ठेविला, व पानांची बुरशी हलक्या कुंचल्यानें झाडली. सुमारें सात महिन्यांनीं तो पुन्हां सोडण्याचा प्रसंग आला. त्या वेळीं नव्यानें घातलेल्या वेखंडाचा वास आम्हांस आला; अगदीं क्षीण, व पूर्वींच्यापेक्षां कांहींसा निराळा, परंतु आला. पोथी कसली होती हें अन्यत्र सविस्तर प्रसिद्ध करण्याचा विचार आहे. येथें एवढी नोंद पुरे.